मेलेल्या हाडाला जिवंत शेजार

“दुसऱ्याचं हाड बसवायचंच असेल, तर ते पुरतं मेलेलं असावं,” मामा म्हणाले. “त्यात जीव शिल्लक असला की मला धाकधूक वाटते.”

भाचीने कप खाली ठेवला. मामा मिरजेत आयुष्यभर हाडांची ऑपरेशनं करून निवृत्तीनंतर महाबळेश्वरला येऊन राहिलेले, आणि ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत हाडांच्या पेशी वाढवणारी. दोघांना एकमेकांवाचून करमत नाही आणि भेटले की पटत नाही.

आजच्या वादाला निमित्त झालं शेजारच्या स्ट्रॉबेरीवाल्याच्या एमआरआयचं. तिशी ओलांडलेला गडी. वाफ्यांमधल्या सरीत उकिडवं बसून फळं खुडायची, आणि गेले काही महिने उकिडवं बसलं की उजव्या जांघेत कळ. आधी वाटलं लचक भरली. हाडवैद्याकडून तेल-लेप झाले. मग एक्स-रे काढला, तर तो अगदी चांगला निघाला. दुखणं मात्र हटेना, म्हणून शेवटी साताऱ्याला जाऊन एमआरआय केला. उजव्या मांडीच्या हाडाच्या गोळ्यात ‘एव्हीएन’, म्हणजे रक्ताअभावी हाड मरणं, पहिली पायरी. दम्यासाठी तो वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून खात होता, हे विचारल्यावर कळलं. अहवालाचा लिफाफा मामांकडे ठेवून तो बाजारात माल पोचवायला गेला आणि इकडे घरात वाद पेटला.

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या खोबणीत फिरतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. त्या बारीक असतात आणि बंद पडल्या तर रक्ताला दुसरी वाट जवळजवळ नसते. स्टिरॉइड, दारूचं अतिसेवन, सिकलसेल, अपघातात हाडाची मान मोडणं, यांपैकी कशानेही हा पुरवठा तुटला की गोळ्याच्या एका भागातल्या पेशी मरतात. मेलेलं हाड लगेच ढासळत नाही, ही यातली फसवी गोष्ट. त्याचा कॅल्शियमचा सांगाडा जागच्या जागी असतो, म्हणून एक्स-रे निर्दोष दिसतो. घोटाळा होतो तो दुरुस्तीच्या वेळी. शरीर मेलेलं हाड पोखरून काढू लागतं, नवं भरायला मात्र वेळ लागतो, आणि मधल्या काळात माणूस चालत असतो, क्रेट उचलत असतो. कूर्चेखालचं हाड खचतं, गोळा चपटा होतो आणि मग खुबा बदलण्यावाचून फारसं काही उरत नाही.

“याचा गोळा अजून गोल आहे,” भाची म्हणाली. “जिवंत पेशी घालायच्या तर आत्ताच.”

“आधी भोक पाडायचं. मांडीच्या बाजूने ड्रिल घालून मेलेल्या भागापर्यंत जायचं, आतला दाब कमी करायचा, नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून द्यायची. काही महिने त्या पायावर भार नाही. हिंदुजा हॉस्पिटलचे संजय अगरवाला तर हाड विरघळू न देणाऱ्या गोळ्या देऊन ऑपरेशनच लांबवतात. स्वस्त आणि साधं.”

“अगरवालांचंच नाव काढलंत तर 2021 मधला त्यांचा लेखही सांगा. कोविडनंतर खुबा दुखायला लागलेले तीन रुग्ण. स्टिरॉइडचा एकूण डोस सरासरी 758 मिलिग्रॅम, म्हणजे फार नव्हे, आणि कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी 58 दिवसांत दुखणं सुरू. इतक्या लवकर होणाऱ्या आजाराला नुसतं भोक पाडून कसं पुरेल? मेलेल्या जागेत हाड बांधणारे गवंडी नकोत?”

मग तिने फ्रान्सच्या फिलिप हर्निगू यांचा दाखला काढला. कमरेच्या हाडातून मज्जा खेचून घ्यायची, ती यंत्रात फिरवून दाट करायची आणि ड्रिलने केलेल्या वाटेने गोळ्यात सोडायची, ही त्यांची पद्धत. 2002 साली त्यांनी 189 खुब्यांचा हिशोब मांडला. गोळा खचण्याआधी उपचार झालेल्या 145 खुब्यांपैकी पुढे फक्त 9 बदलावे लागले.

“आणि खचल्यानंतर उपचार झालेले किती?” मामांनी विचारलं.

“44. त्यातले 25 बदलावे लागले.”

“म्हणजे मज्जा तीच, सर्जन तोच, सुई तीच. फरक वेळेचा. गुण पेशींचा की लवकर आल्याचा, हे ठरवायचं कसं? नुसतं भोक पाडलेल्यांचा गट त्याने शेजारी ठेवलाच नव्हता.”

“2004 साली ब्रसेल्सच्या गांगजींनी ठेवला की. दोन वर्षांनी नुसतं भोक पाडलेल्या 8 खुब्यांपैकी 5 खचण्याकडे गेले, मज्जा घातलेल्या 10 पैकी 1.”

“अठरा खुबे!” मामा हसले. “एवढे तर आमच्या एका वॉर्डात पडून असायचे.”

मामांचा टोला झोंबला तरी खोटा नव्हता. या क्षेत्रातले बरेचसे अभ्यास असेच छोटे आहेत. पण छोटा अभ्यास म्हणजे चुकीचा अभ्यास नव्हे, आणि भाची तिथेच थांबणारी नव्हती.

तिचा पुढचा मुद्दा घराजवळचा होता. मज्जेत हाड बांधणाऱ्या पेशी मुळात फार थोड्या. मग त्या प्रयोगशाळेत वाढवूनच का घालू नयेत? लोणावळ्यात पेशी वाढवणाऱ्या ‘रिग्रो’ या कंपनीच्या अशा उपचाराला 2017 साली भारताच्या औषध महानियंत्रकांनी मान्यता दिली. रुग्णाचीच मज्जा काढायची, तिच्यातून हाड बांधणाऱ्या पेशी काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या ऑपरेशनमध्ये ड्रिल केलेल्या जागी त्या चिकट द्रावणातून सोडायच्या. “महाबळेश्वरहून लोणावळा काही परदेश नाही,” ती म्हणाली.

“दोन ऑपरेशनं, काही आठवड्यांची वाट आणि वर पैसे,” मामा म्हणाले. “आणि पेशी आत गेल्यावर जगतात किती? फेमिस्टरने 1914 सालीच सांगून ठेवलंय. लावलेल्या हाडातल्या बहुतेक पेशी रक्ताअभावी मरतात. मग आजूबाजूच्या जिवंत हाडातून रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्याबरोबर नव्या पेशी येतात, त्या जुनं हाड खातात आणि नवं घालत पुढे सरकतात. काम शेजाऱ्यांचं असतं, पाहुण्यांचं नव्हे.”

“मग तुम्ही आयुष्यभर कमरेच्या हाडाची कड का खरवडत बसलात? एवढा शेजाऱ्यांवर भरवसा होता, तर खडूचा चुरा भरायचा होता!”

मामांना उत्तर सुचेपर्यंत थोडा वेळ गेला. तिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. न जुळणाऱ्या नडगीपाशी कमरेच्या हाडाचा भुसभुशीत भाग काढून भरणं हे हाडांच्या सर्जनचं रोजचं काम. तो भाग ओला, लालसर असतो. चमच्याने खरवडला की बोटाला चिकटतो. सर्जन तो भांड्यात उघडा सुकू देत नाहीत, रक्तात भिजलेल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवतात आणि होईल तितक्या लवकर जागेवर बसवतात, ते त्यातल्या पेशी जगाव्यात म्हणूनच. पृष्ठभागावरच्या काही पेशी आजूबाजूच्या द्रवातून प्राणवायू मिळवून तग धरतात आणि कामाला लागतात. स्वतःच्या शरीरातलं हे हाड आजही बाकी सगळ्या पर्यायांना ताडून बघण्याचं माप मानलं जातं. म्हणजे जिवंत रोपणाला नाकं मुरडणारे मामा स्वतः जन्मभर तेच करत होते.

“मान्य,” ते शेवटी म्हणाले. “पण ते त्याचं स्वतःचं. माझं भांडण दुसऱ्याच्या जिवंत हाडाशी आहे. पाचगणीच्या इतक्या जवळ बसून तू हे मला विचारावंस?”

पाचगणीचा उल्लेख उगाच नव्हता. क्षयाला औषध नव्हतं तेव्हा या डोंगरावरची हवा हेच औषध होतं. 1912 साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीत बेल-एअर सॅनेटोरियम उभं केलं. पुढे ते रेडक्रॉसकडे गेलं. खाली सांगलीच्या बाजूला, मिरजेत 1894 साली वॉन्लेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि त्यांच्या नावाच्या वॉन्लेसवाडीत क्षयाचं रुग्णालय आलं. क्षय फुप्फुसातून हाडात उतरतो, मणका पोखरतो आणि माणसाला कुबड येतं. अस्थिरोपणाच्या इतिहासातलं एक मोठं पान त्याच आजाराने लिहिलं आहे. 1911 साली न्यूयॉर्कच्या फ्रेड अल्बी यांनी क्षयाने खचलेल्या कण्याला आधार म्हणून रुग्णाच्याच नडगीची पट्टी मणक्यांत बसवली. पुढे औषधं आली आणि बनारसच्या एस. एम. तुलींनी 1975 साली दाखवून दिलं, की कण्याचा क्षय झालेल्या बहुतेकांना चाकू लागतच नाही. औषधं द्या, लक्ष ठेवा, गरज पडली तरच ऑपरेशन करा. या ‘मध्यम मार्गा’वर मामांची पिढी वाढली.

“आता 2021 मध्ये अमेरिकेत काय झालं ते ऐक,” मामा म्हणाले. तिला ते माहीत होतं, तरी तिने ऐकून घेतलं. ‘फायबरसेल’ नावाचा माल मृत दात्याच्या हाडापासून बनवायचे. हाड बारीक करायचं, पण त्यातल्या पेशी जिवंत ठेवायच्या, म्हणजे कण्याच्या ऑपरेशनमध्ये मणके लवकर जुळतील. एका दात्याला क्षय होता आणि तो कुणाच्या लक्षात आला नाही. त्याच्या हाडाचा माल 113 रुग्णांच्या शरीरात गेला. त्यांपैकी 87 जणांत क्षयाच्या खुणा सापडल्या. काही दगावले. 2023 मध्ये तशाच दुसऱ्या मालातून पुन्हा तोच प्रकार. या वेळी 36 रुग्ण.

“ज्या पेशी जगवायच्या, त्यांच्यावर गॅमा किरण सोडता येत नाहीत. सोडले तर जंतूंबरोबर पेशीही मरतात. मग तुझ्या त्या जिवंत मालाची हमी कशाची? दात्याच्या तपासणीची. आणि आपल्याकडे क्षयाचे जंतू अंगात दडवून हिंडणारे थोडे नाहीत.”

या युक्तिवादाला तोड नाही. हाडात पेशी टिकवायची आणि जंतू टिकू द्यायचा नाही, या दोन मागण्या एकमेकींच्या मुळावर उठतात. दात्याचं जिवंत हाड वापरायचं असेल तर तपासणीत एकही फट राहून चालत नाही. भाचीलाही ते मान्य होतं.

मामांचा भरवसा परळच्या ऊतिपेढीवर. टाटा मेमोरियल हॉस्पिटलची ही पेढी 1988 पासून चालू आहे. खुबा बदलताना काढलेला मांडीचा गोळा एरवी कचऱ्यात जायचा. पेढीत तो साफ होतो, कापला जातो, गोठवून सुकवला जातो आणि ट्रॉम्बेच्या आयसोमेड केंद्रात गॅमा किरणांखालून जातो. बाळंतपणात वारेबरोबर पडणारा पातळ पडदाही अशाच रीतीने जखमांवर घालायला तयार होतो. पाकीट फोडायचं, हाड सलाइनमध्ये भिजवायचं आणि भरायचं. त्यात जीव नाही, पण भीतीही जवळजवळ नाही.

“आणि मेलेलं हाड मुकं असतं असं समजू नकोस,” मामांनी आणखी एक पत्ता टाकला. “1965 मध्ये मार्शल युरिस्टने हाडातलं कॅल्शियम आम्लाने काढून टाकलं आणि उरलेला मेलेला लगदा सशाच्या स्नायूत ठेवला. स्नायूत हाड तयार झालं! तुलींनीही बनारसला यावर प्रयोग केले, 1978 मध्ये छापले. म्हणजे निरोप हाडाच्या प्रथिनात असतो. पेशी मेली तरी निरोप उरतो.”

“मग तो निरोप डबाबंद करून विकल्यावर काय झालं, तेही सांगा ना. 2002 मध्ये अमेरिकेत ते प्रथिन कण्याच्या ऑपरेशनसाठी बाजारात आलं. 2011 मध्ये ‘स्पाइन जर्नल’ला अख्खा अंक काढून लिहावं लागलं, की कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासांनी दुष्परिणाम लपवले होते. नको तिथे हाड वाढलं, सूज आली. निरोप्या चुकतो, मामा. जिवंत पेशी निदान आजूबाजूला पाहून काम करते.”

“किंवा पाहत नाही.”

“म्हणून तर मी दात्याच्या पेशींची बाजू घेतच नाही! मी म्हणते स्वतःच्या. आणि रक्तासकट लावता आलं तर त्याहून उत्तम.”

यावर तिने दिलेलं उदाहरण तंबाखूच्या महाराष्ट्राला अनोळखी नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये खालचा जबडा कापावा लागला की टाटासारख्या रुग्णालयांत पोटरीतलं बारीक हाड त्याच्या धमनी-शिरेसकट काढतात, जबड्याच्या वळणाने घडी घालून बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना शिवतात. ते हाड एक दिवसही मरत नाही. 1975 साली मेलबर्नच्या इयन टेलर यांनी हेच हाड नडगीसाठी वापरल्याचं पहिल्यांदा छापलं. पुढे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स अर्बॅनियाक यांनी एव्हीएनच्या गोळ्यालाही तेच लावलं. आपल्याकडे कोलकात्याच्या डी. पी. बक्षींनी साधी वाट काढली: खुब्याजवळच्या स्नायूला चिकटलेला हाडाचा तुकडा तसाच वळवून गोळ्यात बसवायचा, म्हणजे स्नायूतलं रक्त त्याला मिळत राहतं. त्यांचा त्यावरचा लेख 1983 चा आहे. ना सूक्ष्मदर्शक, ना प्रयोगशाळा.

बक्षींचं नाव निघाल्यावर मामांचा आवाज खाली आला. “ते काम मी केलंय,” ते म्हणाले. “तुकडा कापला की कडेला रक्त पाझरतं का, ते आधी बघायचं. पाझरलं तर पुढे जायचं.”

वाद तिथे मिटला असता, पण भाचीच्या मोबाइलवर तेवढ्यात एक जाहिरात झळकली: ‘स्टेम सेलने गुडघे-खुबे पूर्ववत, ऑपरेशन नाही.’ या एका बाबतीत मात्र दोघांचं लगेच एकमत झालं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे, की रक्ताच्या आजारांसाठीचं मज्जारोपण सोडलं तर स्टेम सेलचा उपचार हा अजून नियमित उपचार नाही. तो करायचा तर परवानगी घेतलेल्या चाचणीतच. शरीराबाहेर वाढवलेल्या पेशींना 2019 च्या नियमांनुसार नव्या औषधाच्याच कसोट्या लागतात. लोणावळ्याच्या उपचाराला मान्यता आहे, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या इंजेक्शनला नाही, आणि जाहिरातीत दोन्ही एकाच रंगात छापलेली असतात.

संध्याकाळी स्ट्रॉबेरीवाला लिफाफा न्यायला आला. “डॉक्टरसाहेब, खुबा बदलावा लागंल का?” त्याने उभ्या उभ्याच विचारलं. बसायला सांगितलं तर तो खुर्चीच्या कडेवर, उजवा पाय लांब करून बसला.

“आत्ता नाही,” मामा म्हणाले. “आणि बदलावा लागला तरी आभाळ कोसळत नाही. बदललेल्या शंभर खुब्यांतले अठ्ठावन्न पंचवीस वर्षं टिकतात, असा हिशोब आलाय. पण तुझं वय बघता तुझा स्वतःचा गोळा टिकेल तेवढा बरा.”

भाचीने त्याला कागदावर लिहून दिलं: काठी डाव्या हातात, उकिडवं बसणं आणि क्रेट उचलणं बंद, दारू असेल तर तीही बंद, डाव्या खुब्याचाही एमआरआय बघून घ्यायचा, कारण स्टिरॉइडमुळे होणारा एव्हीएन पुष्कळदा दोन्हीकडे असतो. मामांनी साताऱ्याच्या एका सर्जनला फोन लावला. भोक पाडायचं, हे नक्की. त्याच भुलेत कमरेची मज्जा काढून दाट करून घालायची की नाही, ते त्या सर्जनवर सोडलं. पेशी वाढवण्याचा विषय भाचीने स्वतःच पुढे ढकलला. या पायरीवर आठवडे वाट पाहण्यापेक्षा लवकर ऑपरेशन झालेलं बरं, असं ती म्हणाली, आणि मामांनी तिच्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

दात्याच्या जिवंत हाडाबद्दल मामांचा नकार आजच्या घडीला रास्त आहे. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींबद्दल भाचीची आशाही रास्त आहे. मात्र तिला अठरापेक्षा पुष्कळ जास्त खुब्यांचा पुरावा लागेल. वाचकाने यांपैकी कुणाच्याही बाजूला जाण्याआधी एवढं करावं: स्टिरॉइडच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, आणि घेत असाल तर घाबरून एकदम बंदही करू नयेत, कारण त्या हळूहळूच उतरवाव्या लागतात, डॉक्टरांना विचारावं. अशा गोळ्या घेतलेल्या किंवा नियमित दारू पिणाऱ्या माणसाची जांघ काही आठवडे दुखत राहिली आणि एक्स-रे चांगला आला, तर तेवढ्यावर समाधान मानू नये. एमआरआय मागून घ्यावा.